गाद्या परत का येतात

आकडेबुवांच्या खोलीबाहेर एक बाक होता आणि त्या बाकावर बसल्याशिवाय गादी कारखान्यात कुणालाही काही कळत नसे. कुठल्या दुकानात किती गाद्या गेल्या, कुठल्या उशा पडून राहिल्या, कुठल्या गावाला मऊ गादी लागते आणि कुठे कडक, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं. पण ते बाहेर काढायची वाट बुवांच्या खोलीतून जात होती. विक्रीसाहेब, गोदामप्रमुख, खरेदीच्या बाई, सगळे आळीपाळीने बाकावर बसून जात. बुवा दार किलकिलं करून सांगत, "ईमेल टाका. नंबर लागला की रिपोर्ट येईल."

रिपोर्ट यायचाही, आणि चांगला भरगच्च यायचा. फक्त तो येईपर्यंत विचारणारा आपण काय विचारलं होतं तेच विसरलेला असायचा. विक्रीसाहेबांनी एकदा थंडीच्या तोंडावर जाड पांघरुणांबद्दल विचारलं होतं. उत्तर हातात पडलं तेव्हा ते पंख्याखाली बसून घाम पुसत होते.

बुवा हे नाव त्यांना खरेदीच्या बाईंनी दिलं होतं, कारण प्रश्न ऐकला की ते आधी डोळे मिटत, मग खोल श्वास घेत आणि मग म्हणत, "बघावं लागेल." माणूस आळशी नव्हता, मान मोडून काम करायचा. कामाच्या ओझ्याखाली मी दबलोय, असं ते रोज सांगत आणि त्या ओझ्याला कुणी हात लावायला आलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत.

अडचण सुरू झाली ती त्यांच्या बायकोला बढती मिळाल्यावर. ती त्याच कारखान्यात तक्रार विभागात होती आणि आता त्या विभागाची प्रमुख झाली. तिच्या वाट्याला एक खोली, एक फोन आणि परत आलेल्या गाद्यांचा एक ढीग आला. जाड स्प्रिंगच्या महागड्या गाद्या. गिऱ्हाईक घेऊन जाई, थोड्या दिवसांत फोन करी की मधोमध काहीतरी टोचतंय, आणि गादी परत येई. गोदामात जागा उरली नाही तेव्हा त्या तिच्या खोलीबाहेरच्या बोळात उभ्या करून ठेवायला लागले. तिच्याकडे यायचं तर माणसाला खेकड्यासारखं आडवं चालावं लागे.

एका संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "मला एवढंच सांग, या परत येणाऱ्या गाद्या कुठल्या दुकानातून गेलेल्या असतात?"

"ईमेल टाक," बुवा म्हणाले.

"मी तुझ्यासमोर बसलेय."

"इथे मी नवरा आहे."

"मग नवऱ्याने सांगावं."

"नवऱ्याला माहीत नसतं. रिपोर्टवाल्याला माहीत असतं आणि तो सकाळी ऑफिसात भेटतो."

बुवांची आई शेजारीच जेवत होती. ती म्हणाली, "अरे, सांगून टाक ना तिला. घरातलीच आहे."

"म्हणूनच नाही सांगायचं. लोक म्हणतील, बायकोला रांग मोडून आत घेतली. तत्त्वाचा प्रश्न आहे, आई."

"तुझ्या वडिलांनाही तत्त्वं होती," आई म्हणाली. "पण ते स्वतःची इस्त्री स्वतः करायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवांनी चहा मागितला. बायको पेपर वाचत होती. मान वर न करता ती म्हणाली, "विनंती पोचली. तुझ्या आधी आई आहेत, मग मी, मग गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचंय. नंबर लागला की कळवते." सासूने मान डोलावली. बुवांनी मुकाट्याने स्वतः चहा केला. कडू झाला होता, पण गरम होता आणि लगेच मिळाला. हे मात्र त्यांनी घरात कबूल केलं नाही.

असंच काही दिवस चाललं. मग एका सकाळी कारखान्याच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. बाईंनी कारखाना वडिलांकडून घेतला होता आणि त्या कमी बोलायच्या. नवीन प्रोग्रॅम घेतलाय, म्हणाल्या. सगळे आकडे एका ठिकाणी येतील, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर दिसतील. ज्याला जे हवं ते त्याने स्वतः बघायचं, हवा तसा चार्ट काढायचा. कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

सगळ्यांनी एकदम बुवांकडे पाहिलं. बुवांनी डोळे मिटले होते.

"बुवा, तुम्ही फक्त माहिती त्यात भरून द्यायची," बाई म्हणाल्या.

"देतो," बुवा म्हणाले.

त्यांना वाटलं, आपल्या फोटोला कुणीतरी जिवंतपणीच हार घातलाय. इतकी वर्षं ज्या कॉलमांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्यात आता विक्रीसाहेब हात घालणार, ज्यांना स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नव्हता. बुवांनी माहिती भरून दिली, अगदी इमानदारीने. फक्त कॉलमांची नावं होती तशीच ठेवली. ती नावं त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी पूर्वीच कधीतरी ठेवलेली होती: 'ग_प', 'ग_प_२', 'ग_प_खरा', 'ग_प_खरा_नवा'. त्यांचा अर्थ कुणी विचारला नाही, आणि न विचारलेलं सांगायची बुवांना सवय नव्हती.

पहिल्या आठवड्यात कारखान्यात नुसती धमाल उडाली. जो तो चार्ट काढत सुटला. खरेदीच्या बाईंना 'ग_प' म्हणजे 'गादी पातळ' वाटलं. गोदामप्रमुखांना वाटलं 'गाडी पाठवली'. तक्रार विभागाला अर्थातच 'गादी परत' वाटलं. खरं तर तो गिऱ्हाइकाचा पत्ता होता. गोदामप्रमुखांनी तर दोन दिवस खपून एक रंगीत गोल चार्ट काढला, आणि त्यातून असं निघालं की कारखान्याची सगळ्यात जास्त गाद्या नेणारी गाडी म्हणजे 'बँकेच्या मागे, दुसरा जिना' ही होती.

सोमवारच्या बैठकीत मालकीणबाईंनी साधा प्रश्न विचारला. "गेल्या महिन्यात गाद्या किती विकल्या?"

विक्रीसाहेबांनी एक आकडा सांगितला. गोदामप्रमुखांनी त्याहून बराच लहान सांगितला. बुवांच्या बायकोने सगळ्यात लहान सांगितला. तिघांच्याही हातात चार्ट होते, तिघांचेही रंग सुंदर होते. विक्रीसाहेब म्हणाले, गोदामाला मोजता येत नाही. गोदामप्रमुख म्हणाले, साहेब गाद्या विकतात की स्वप्नं. बुवा हाताची घडी घालून खुर्चीत मागे रेलून बसले होते. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"बुवा," बाईंनी विचारलं, "यातला बरोबर कुठला?"

"तिन्ही," बुवा म्हणाले.

तिघांनीही आपापले चार्ट पुन्हा बघितले.

"विक्रीसाहेब मागणी आली की विक्री धरतात. गोदाम गाडीत गादी चढली की धरतं. आणि तक्रार विभाग, जी परत आली नाही तिलाच विक्री मानतो." बुवांनी चष्मा पुसला. "म्हणून म्हणत होतो, हे ज्याच्या त्याच्या हातात देण्यासारखं काम नाही."

बाईंनी थोडा विचार केला. "मग इतकी वर्षं तुम्ही रिपोर्टमध्ये यातला कुठला आकडा देत होतात?"

बुवांचा चष्मा पुसणारा हात थांबला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. बायकोही बघत होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायची सोय नव्हती.

"विचारणाऱ्यावर अवलंबून असायचं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे विक्रीसाहेबांनी विचारलं की मोठा. गोदामाने विचारलं की मधला. ज्याला जो आवडेल तो. भांडणं नको म्हणून."

विक्रीसाहेब हळूच म्हणाले, "तरीच तुमचे रिपोर्ट मला पटायचे."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मग बाईही हसल्या आणि बुवांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी ओरडाआरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "प्रत्येक कॉलमचा अर्थ साध्या भाषेत लिहून द्या. एका शब्दाचा एकच अर्थ. तुम्हालाच माहीत आहे, तुम्हीच लिहा."

बुवा घरी आले ते तोंड लांब करून. जेवण झाल्यावर लिहायला बसले. बायको मुद्दाम आतल्या खोलीत गेली. आई टीव्हीवर मालिका बघत होती.

"आई, ऐक जरा. 'परतावा: वितरणोत्तर कालावधीत ग्राहकाकडून प्रत्यार्पित झालेला नग.' कळलं?"

"नाही."

"म्हणजे परत आलेली गादी."

"मग तसं लिही. पण परत आली म्हणजे कुणी आणली? गादी काही चालत येत नाही."

"आपली गाडी आणते."

"गिऱ्हाइकाने फोन केला आणि गाडी अजून गेलीच नसेल, तर ती परत आली की नाही?"

हे बुवांनी कधी ठरवलंच नव्हतं. कधी मोजलं होतं, कधी नव्हतं. "ते ठरवावं लागेल," ते म्हणाले.

"ठरव. आणि जरा लवकर ठरव, इथे जाहिराती संपत आल्यात."

पुढच्या काही संध्याकाळी असंच चाललं. जाहिराती लागल्या की बुवा एक अर्थ वाचून दाखवायचे, आई कळलं किंवा नाही कळलं म्हणायची. नाही कळलं की बुवा चिडायचे, खोडायचे, परत लिहायचे. शेवटी 'ग_प_खरा_नवा' चं नाव 'गादी घरात पोचल्याची तारीख' झालं. बुवांनी ते वाचलं आणि त्यांना थोडं उघडं पडल्यासारखं वाटलं, पण हलकंही वाटलं.

त्यानंतर मात्र त्यांची बायको कॉम्प्युटरसमोर बसली ती हटेचना. परत येणाऱ्या गाद्या कुठल्या दुकानातून गेल्या? सगळ्याच दुकानांतून, सारख्याच. कुठल्या पाळीत बनल्या? तिथेही फरक नाही. कुठल्या कापडाच्या? नाही. एकेका प्रश्नाला आधी जितका वेळ बाकावर बसावं लागे, तितक्या वेळात ती ढीगभर प्रश्न विचारून मोकळी होत होती. काही प्रश्न इतके वेडगळ होते की माणसाला विचारायची तिला लाज वाटली असती. गिऱ्हाइकाच्या वयाचा काही संबंध आहे का, हेही तिने बघून घेतलं.

मग तिने मजल्याचा कॉलम लावला, आणि चार्ट एकदम उभा राहिला. तळमजल्यावरच्या गाद्या जवळजवळ परत येतच नव्हत्या. येत होत्या त्या वरच्या मजल्यांवरच्या.

ती तडक गोदामप्रमुखांकडे गेली. "तुमची माणसं जिन्यावरून नेताना गादी आपटतात."

"आमची माणसं गादी लेकरासारखी नेतात," गोदामप्रमुख म्हणाले आणि रुसून बसले.

ती परत आली आणि तिने 'लिफ्टने पोचवली' या कॉलमवरून वरच्या मजल्यांचे दोन भाग केले: लिफ्ट असलेल्या इमारती आणि लिफ्ट नसलेल्या. लिफ्ट नसलेल्या इमारतींतल्या गाद्या सुखाने नांदत होत्या. परत येत होत्या त्या फक्त लिफ्टवाल्या.

तिने बुवांना बोलावलं. बुवांनी चार्ट बघितला, डोळे मिटले, खोल श्वास घेतला.

"बघावं लागेल म्हणू नकोस," ती म्हणाली. "मी बघितलंय."

"नाही, खरंच बघावं लागेल," बुवा म्हणाले. "जाऊन."

दुसऱ्या दिवशी दोघं सामानाच्या गाडीत बसून निघाली. गाडीवर दोन हमाल होते, सख्खे भाऊ, थोरला आणि धाकटा. सहाव्या मजल्यावर एका आजोबांकडे जाड स्प्रिंगची गादी द्यायची होती. इमारतीची लिफ्ट कपाटाएवढी होती.

"यात गादी मावते?" बायकोने विचारलं.

"मावत नाही," थोरला म्हणाला. "मावती करावी लागते."

दोघा भावांनी गादी उभी केली, मधोमध गुडघा लावला, जोर दिला आणि गादीची घडी घातली. आतून कट्ट असा आवाज आला. धाकट्याने वरून दोरी आवळली. बुवांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळे मिटले होते.

"कायम असंच नेता?" तिने विचारलं.

"लिफ्ट असली की असंच. नसली की जिन्याने, सरळ उभी." थोरल्याने घाम पुसला. "का, काही चुकलं का? असं करू नका, असं कुणी कधी बोललं नाही."

ते खरंच होतं. गाद्या पोचवणारी गाडी वेगळी आणि परत आणणारी वेगळी. कुठली गादी परत आली, ते या भावांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आता लिफ्टमध्ये गादी आणि एक माणूस एवढीच जागा होती. बुवा म्हणाले, "मी जातो. 'लिफ्टने पोचवली' म्हणजे नक्की काय होतं ते मला लिहायचंय." बायको नको म्हणेपर्यंत ते आत घुसले आणि दार बंद झालं.

पहिला मजला सुटला आणि दोरी सुटली. जाड स्प्रिंगच्या गादीला मोकळं व्हायचं असतं तेव्हा ती कुणाचं ऐकत नाही. ती हां हां म्हणता उघडली आणि बुवांना कोपऱ्यात दाबून उभी राहिली. बुवांचा एक हात डोक्यावर अडकला, दुसरा कुठे होता ते त्यांनाही कळेना आणि गाल जाऊन बटणांवर चेपला. एकूण एक बटणं पेटली.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर कुत्र्याला घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्यांना एक गादी दिसली आणि गादीच्या कडेला अर्धा चष्मा.

"वर जातेय का?" त्यांनी विचारलं.

"प्रयत्न चालू आहे," बुवा म्हणाले.

कुत्रं भुंकलं. दार बंद झालं. बायको जिन्याने धावत होती, मागोमाग दोघे भाऊ, पण प्रत्येक मजल्यावर ती पोचायची तेव्हा दार नेमकं मिटत असायचं. तिसऱ्यावर तिला नवऱ्याचा कान दिसला, चौथ्यावर नुसता आवाज आला. "तळमजल्याचंही दाबलं गेलंय," बुवा आतून सांगत होते. पाचव्यावर धाकटा हमाल आडवा झोपून दारात पाय घालणार होता, पण थोरल्याने त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

सहाव्या मजल्यावर आजोबा दार उघडून वाटच बघत होते. तिघांनी मिळून गादी बाहेर खेचली आणि तिच्या मागोमाग बुवा बाहेर आले, विस्कटलेले, गालावर बटणांचे आकडे उमटलेले. आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गादीबरोबर माणूसही मिळतो का?" त्यांनी विचारलं.

बायको जिन्यावर बसली आणि पोट धरून हसत सुटली. बुवा तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनाही हसू फुटलं. "तू मागे विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"तेव्हा तुलाही कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण आपण बघितलं असतं."

ती गादी अर्थातच आजोबांना दिली नाही. नवीन गादी दोघा भावांनी आणि चिडलेल्या ड्रायव्हरने मिळून जिन्याने, सरळ उभी, लेकरासारखी नेली. गोदामप्रमुखांनी तो चार्ट दोनदा बघितला, मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर पुन्हा स्वतः काढून बघितला आणि मगच मान्य केला. त्यांनी नियम केला की जाड स्प्रिंगच्या गादीची घडी घालायची नाही, हवा तर तिसरा माणूस घ्या. मालकीणबाईंनी उंच इमारतींसाठी दोन तुकड्यांत येणारी, मधे चेन लावून जोडायची गादी बनवून घेतली. ती आधीच्या गादीपेक्षा जास्त खपायला लागली. परत येणाऱ्या गाद्या कमी होत होत बोळ रिकामा झाला आणि लोक बायकोच्या खोलीत पुन्हा सरळ चालत जाऊ लागले.

कारखान्यात इतरांनाही चटक लागली होती. खरेदीच्या बाईंनी स्वतःच शोधून काढलं की एकाच पुरवठादाराचा फोम दर खेपेला पातळ येतो, आणि त्याला समोर बसवून तो चार्ट दाखवला. लांबच्या दुकानातली विक्रेती तिच्याकडे काय खपतं ते बघून स्वतःच माल मागवायला लागली. विक्रीसाहेब रोज सकाळी आपला आकडा बघत आणि तो आता लहान असूनही त्यावर भांडत नसत, कारण गोदामाचाही तोच होता. सोमवारची बैठक एकदा इतकी लवकर संपली की सगळे तसेच बसून राहिले. उठायला संकोच वाटत होता.

बुवांच्या खोलीबाहेर कुणी येईना. पहिले काही दिवस त्यांना ते फार लागलं. दारात पावलं वाजली की ते सावरून बसत आणि पावलं पुढे निघून जात. मग लोक यायला लागले, पण वेगळ्या कामाने. सरळ आत यायचे, खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि विचारायचे, "हे मी बरोबर वाचतोय ना?" किंवा "असं दिसतंय खरं, पण असं का असेल?" बुवांना कळेना की याला काम म्हणायचं की गप्पा. पण घरी जाताना आता त्यांची मान दुखत नव्हती.

एका दुपारी हातात काहीच काम नव्हतं, तेव्हा त्यांना वाटलं, आपणही काहीतरी विचारून बघावं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं काढली, स्वतःचा प्रश्न एकही नव्हता. बराच वेळ काही सुचेना. मग त्यांनी विचारलं, म्हाताऱ्या माणसांनी नेलेल्या उशांपैकी सगळ्यात कमी परत कुठली येते? उत्तर लगेच आलं. बुवांनी ती उशी घेतली, कागदात गुंडाळली आणि संध्याकाळी आईच्या पुढ्यात ठेवली.

"ही सगळ्यात चांगली. पुराव्यानिशी सांगतो."

आईने ती मानेखाली घेतली, इकडे वळून पाहिलं, तिकडे वळून पाहिलं. सून दारात उभी राहून बघत होती.

"टणक आहे," आई म्हणाली.

"आई, ही कुणीच परत करत नाही."

"माझ्या वयाची माणसं परत करत नाहीत, कारण फोन करायचा कंटाळा येतो," आई म्हणाली, आणि तिने आपली जुनी चपटी उशी ओढून घेतली.

बुवांनी ती टणक उशी उचलून हातात घेतली. मग त्यांनी बायकोला विचारलं, "फोन करायचा कंटाळा आलेल्यांचा कॉलम आहे का आपल्याकडे?"

"नाही," ती म्हणाली. "त्यांना आपणच फोन करायला हवा." आणि दोघंही त्या उशीला टेकून, सुरुवात कुणापासून करायची, ते बोलत बसली.